चोवीस पुस्तकं आणि एक बंद दार

परवा कपाट आवरताना सहज मोजली. लिहायचं कसं, चित्र काढायचं कसं, सुचत नसेल तर काय करायचं, सुचत असूनही बसवत नसेल तर काय करायचं, असल्या विषयांवरची चोवीस पुस्तकं निघाली. ई-रीडरवरची यात धरलेली नाहीत, ती धरली तर आकडा सांगायची लाज वाटेल. आणि त्याच वेळी लॅपटॉपवर 'कथा नवीन फायनल २' नावाची एक फाईल आहे, तिच्यात ६१२ शब्द आहेत, आणि त्या ६१२ शब्दांच्या शेवटी एक बाई तिच्या वडलांच्या दाराबाहेर उभी आहे. गेले सात महिने उभी आहे. पायात गोळे आले असतील बिचारीच्या.

ताई फोनवर अधूनमधून विचारते, "काय गं, कथेचं काय झालं?" मी म्हणते, "अगं, सध्या त्यावरच वाचतेय." मग ती "बरं" म्हणते. ताईचं ते "बरं" कसं असतं हे ज्याला मोठी बहीण आहे त्यालाच कळेल.

गंमत म्हणजे मी खोटं बोलत नसते. ही पुस्तकं वाचताना खरंच काहीतरी लिहिल्यासारखं वाटतं. हातात पेन्सिल असते, समासात खुणा होतात, मधेच थांबून "हो ना, अगदी हेच" असं होतं, दोन तासांनी पुस्तक मिटताना डोकं छान दमलेलं असतं, आणि ते दमणं इतकं अस्सल असतं की त्या दिवशी एक ओळही लिहिलेली नाही हे लक्षातच येत नाही. पोहण्याचं पुस्तक वाचून पोहता येत नाही हे कृपया मला कोणी ऐकवू नका, मला माहितीये ते, मी ते एका पुस्तकात अधोरेखितसुद्धा केलंय.

सगळ्यात लाजिरवाणी केस सांगते. ज्युलिया कॅमेरॉनचं 'द आर्टिस्ट्स वे' (१९९२) ज्यांनी वाचलंय त्यांना मॉर्निंग पेजेस माहीत असतातच, सकाळी उठल्या उठल्या हाताने तीन पानं खरडायची, काय खरडलंय ते बघायचं नाही. बारा आठवड्यांचा कोर्स आहे तो. पण चौथ्या आठवड्यात बाई काय सांगतात त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्या सांगतात, हा आठवडाभर वाचन बंद. पुस्तक नाही, पेपर नाही, काही नाही. दुसऱ्यांचे शब्द आत घ्यायचे थांबवले की आपले वर यायला लागतात असा त्यामागचा हिशोब. मी त्या पानावर आले, हसले, आणि पान उलटून पाचवा आठवडा वाचायला घेतला. वाचू नकोस हा सल्लासुद्धा मी नुसता वाचून काढला!

डोरोथिया ब्रँड नावाच्या बाई त्याहून कडक. त्यांचं 'बिकमिंग अ रायटर' १९३४ सालचं आहे आणि अजून छापलं जातं. त्यांचं म्हणणं असं की लिहायला बसणाऱ्याची अडचण तंत्राची नसतेच मुळी, तंत्राच्या खूप आधीची असते, आणि शिकवणारे मात्र तंत्रापासून सुरुवात करतात. मग त्या दोन गोष्टी करायला सांगतात. एक, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी उठायचं आणि कोणाशी न बोलता, काही न वाचता लिहायचं. ते अंगवळणी पडलं की दोन, दिवसातली एखादी वेळ आधीच ठरवायची, समजा चार, तर चार म्हणजे चार, समोर कोणीही बसलेलं असो, उठायचं आणि लिहायचं. आणि हे जर तुम्हाला पुन्हापुन्हा जमत नसेल तर लिहिणं सोडून द्या, तुमची टाळाटाळ तुमच्या इच्छेपेक्षा मोठी आहे, असं त्या सरळ सांगून टाकतात. मी नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी नवीन पुस्तक मागवलं.

आता इथपर्यंत वाचून वाटेल की ही बाई म्हणणार की असली पुस्तकं वाचूच नका. तसं नाही म्हणायचंय मला. माझी तक्रार पुस्तकांबद्दल नाहीच आहे, ती कधी उघडायची याबद्दल आहे, आणि ते मला कळलं एका पेन्सिलीमुळे आणि एका निळ्या पेनामुळे.

स्टीफन किंगचं 'ऑन रायटिंग' (२०००) मी दोनदा वाचलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी काहीच लिहीत नव्हते, नुसती "मला लिहायचंय" अशी होते. तेव्हा खुणा पेन्सिलीने केल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचलं ते चारेक वर्षांनी, तेव्हा एक कथा कशीबशी लिहून झाली होती, वाईट होती, वाईट आहे हे कळत होतं आणि नेमकं कुठे वाईट आहे ते कळत नव्हतं. या वेळी हातात निळं पेन होतं. नंतर कधीतरी ती प्रत चाळताना दोन्ही खुणा शेजारी शेजारी बघितल्या आणि हसायलाच आलं. पेन्सिलीच्या खुणा सगळ्या गोष्टीवेल्हाळ जागी. त्याने पहिल्या छापल्या गेलेल्या कादंबरीची पानं कचऱ्यात टाकली होती आणि बायकोने ती काढून वाचली, तिथे खूण. १९९९ मध्ये रस्त्याच्या कडेने चालताना व्हॅनने उडवलं आणि त्यातून उठून त्याने हेच पुस्तक पुरं केलं, तिथे खूण आणि बाजूला उद्गारचिन्ह. रोज दोन हजार शब्द लिहितो, तिथे दोन रेघा. म्हणजे मी लेखक वाचत होते, लेखन नाही.

आणि निळ्या खुणा? पहिला खर्डा पूर्ण झाला की किमान सहा आठवडे ड्रॉवरमध्ये टाकून द्या आणि तोंड बघू नका, तिथे. शाळेत असताना एका नकाराच्या चिठ्ठीवर कोणीतरी त्याला लिहून दिलं होतं, दुसरा खर्डा म्हणजे पहिला वजा दहा टक्के, तिथे. पहिला खर्डा दार बंद करून लिहायचा, दुसरा दार उघडून, तिथे. पेन्सिलवालीला ही वाक्यं दिसलीच नव्हती. डोळ्यांखालून गेली असणारच, पण ज्याला दहा टक्के कापायला हातात काही नाही त्याला तो आकडा कशाला दिसेल. दोन्ही खुणा एकत्र असलेली ओळ अख्ख्या पुस्तकात मला एकच सापडली, आणि ती पण बहुतेक चुकून असावी.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. आधी अडायचं आणि मग पुस्तक उघडायचं. न अडता उघडलं तर ते चरित्र होतं, गप्पा होतात, फार तर दिलासा होतो.

पण निळ्या पेनाने मी त्याच प्रतीत एका ठिकाणी मोठ्ठं प्रश्नचिन्हही काढलंय, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ही सगळी पुस्तकं आपण वाचतो इंग्रजीत आणि लिहितो मराठीत, आणि मधे जे सांडतं त्याबद्दल कोणी काही सांगत नाही.

किंगला क्रियाविशेषणांचा भयंकर राग आहे. नरकाची वाट त्यांनीच बांधलीय असं तो म्हणतो. मी आज्ञाधारक मुलीसारखी माझ्या कथेतली सगळी क्रियाविशेषणं काढायला बसले. "तिने बॅग धपकन खाली टाकली" चं झालं "तिने बॅग खाली टाकली." "तो गपकन गप्प झाला" चं झालं "तो गप्प झाला." "दार धाडकन लावलं" चं झालं "दार लावलं." तासाभराने वाचलं तर कथेला कोणीतरी इस्त्री केल्यासारखी वाटायला लागली. सगळं बरोबर आणि सगळं मेलेलं.

मग बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की इंग्रजीत दार आपटायला वेगळं क्रियापद आहे, चोरपावलांनी चालायला वेगळं, पाय ओढत चालायला वेगळं, रोखून बघायला वेगळं. एवढी क्रियापदं हाताशी असताना साधं क्रियापद घेऊन त्याच्या शेपटीला 'ली' (-ly) वालं क्रियाविशेषण लावणं हा तिथे आळस ठरतो, आणि किंगचा राग त्या आळसावर आहे. आपल्याकडे क्रियापद बऱ्याचदा साधंच असतं आणि जीव असतो तो धाडकन, हळूच, गपकन, टचकन, सर्रकन यात. टचकन काढून टाका आणि डोळ्यात पाणी आणून दाखवा बघू. तो शब्द तिथे दागिना म्हणून नाही, अर्धं क्रियापद तोच आहे.

आणि आपल्याकडे अजून एक सोय आहे जी त्या पुस्तकांना ठाऊकच असायचं कारण नाही. "तिने सांगितलं", "तिने सांगून टाकलं", "ती सांगून बसली", "तिने सांगून ठेवलं". चारही वेळा सांगितलंच आहे. पण 'टाकलं' मध्ये सुटका आहे, 'ठेवलं' मध्ये पुढचा डाव आहे, आणि 'बसली' म्हटलं की पश्चात्ताप आपोआप येतो, त्यासाठी "तिला नंतर फार वाईट वाटलं" हे वेगळं लिहावं लागत नाही. दाखवा, सांगू नका असं जे सगळी पुस्तकं कंठशोष करून सांगतात ना, ते मराठीत कधीकधी एका 'बसली' मध्ये होऊन जातं.

याचा अर्थ किंग चुकला असं अजिबात नाही. आपल्याकडेही त्या 'ली' चे सख्खे भाऊ आहेत, फक्त ते 'कन' वाले नाहीत, ते 'पणे' आणि 'पूर्वक' वाले आहेत. गंभीरपणे म्हणाला. काळजीपूर्वक पाहिलं. आणि संवादाच्या मागे लागणारा तो 'ने', रागाने ओरडला, आश्चर्याने विचारलं, प्रेमाने जवळ घेतलं. ओरडला तो रागानेच ना? हे मात्र खुशाल कापावेत. माझ्या त्या वाईट कथेत असे सव्वीस निघाले. तीन ठेवले, ते पण हट्टाने.

तसंच कर्मणीचं. 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' नावाचं छोटंसं पुस्तक आहे, स्ट्रंक नावाच्या प्राध्यापकांनी १९१८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याने, ई. बी. व्हाइटने, १९५९ मध्ये ते वाढवून काढलं. त्यातला अनावश्यक शब्द गाळा हा नियम सोन्यासारखा आहे, कुठल्याही भाषेत चालेल. पण त्यातच कर्तरी वापरा, कर्मणी टाळा असंही आहे. आता शाळेतलं व्याकरण आठवा. "तिने पत्र लिहिलं." हा कुठला प्रयोग? कर्मणी! क्रियापद पत्राच्या लिंगावर चाललंय, तिच्या नाही. सकर्मक क्रियापद आणि भूतकाळ आला की आपण दिवसभर कर्मणीतच बोलत असतो, आणि कोणालाही ते लेचंपेचं वाटत नाही. इंग्रजीतलं "चुका झाल्या" हे जबाबदारी झटकणं असतं म्हणून त्यांना ते खुपतं. मराठीत "माझ्या हातून कप फुटला" यात जबाबदारी आहेच की, उलट थोडी जास्तच आहे, नुसता "मी कप फोडला" म्हटलं तर मुद्दाम फोडल्यासारखं वाटतं. मला हसू आलं, मला राहवलं नाही, मला सुचलं. आपल्या भाषेत माणसाकडे गोष्टी येतात. हे बदलून "मी हसू आणलं" थोडीच करणार.

वाक्यं छोटी ठेवा हे तिसरं. त्यावर फार बोलत नाही, फक्त एवढंच की उठून, आवरून, दाराला कुलूप लावून, परत एकदा ओढून बघून निघालेल्या माणसाचं एक वाक्य तोडून पाच केलीत तर तो माणूस रोबो होतो.

आता जे खरंच उपयोगी पडलं ते सांगते. ते कुठल्याही कला-बिला शिकवणाऱ्या पुस्तकात नाही, बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात आहे. पोरवयात तो भावाच्या छापखान्यात काम करायचा आणि त्याला लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातले निबंध फार आवडायचे. त्याने काय केलं, एक निबंध घेतला, प्रत्येक वाक्यात काय म्हटलंय त्याची एकदोन शब्दांत टिपणी काढली, काही दिवस तो कागद बाजूला ठेवला, आणि मग मूळ निबंध न बघता टिपण्यांवरून आपल्या शब्दांत पुन्हा लिहिला. मग मूळ काढून शेजारी ठेवायचं आणि चुका शोधायच्या. कधी त्यातल्या गोष्टीची कविता करायची आणि मूळ गद्य विसरल्यावर त्या कवितेचं परत गद्य करायचं. कधी टिपण्या मुद्दाम विस्कटून ठेवायच्या आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावायचा. मास्तर नाही, फी नाही.

मी हे केलं. माझ्या एका आवडत्या मराठी कथेतलं एक पान घेतलं, दोन माणसं बोलत बसलीयेत आणि मधेच एक गप्प होतो, एवढंच त्या पानात घडतं. टिपण्या काढल्या, कागद चार दिवस उशीखाली ठेवला (उशीखाली का, तर कपाटात चोवीस जण होते), आणि मग लिहिलं. लिहून झालं तेव्हा खरं सांगते, मला माझंच जास्त आवडलं. मग मूळ पान काढलं.

मूळ पानात सात वाक्यं होती. माझ्यात अकरा. वरची चार कुठली ते शोधायला बसले तर चारही त्या गप्प होण्याच्या नंतरची. तो गप्प झाला, मग त्याला काय वाटलं, मग समोरच्याला काय वाटलं, मग खोलीत कसली शांतता पसरली, मग ती शांतता जणू काय होती. मूळ लेखकाने तो गप्प झाल्यावर पुढच्या वाक्यात दुसऱ्याला चष्मा पुसायला लावलं होतं आणि विषय बदलला होता. बस. आणि माझ्या त्या एका पानात 'जणू' चार वेळा आलं होतं. मूळ पानात एकदाही नाही. मला आयुष्यात कोणी सांगितलं असतं की तुला जणूचा आजार आहे तर मी वाद घातला असता. इथे वाद घालायला कोणी नव्हतंच, दोन कागद होते नुसते.

त्या एका संध्याकाळने जे शिकवलं ते चोवीस पुस्तकांतल्या निम्म्यांनी शिकवलं नसेल, आणि हे मी त्या पुस्तकांबद्दल पूर्ण प्रेम ठेवून म्हणतेय.

चित्रांच्या बाबतीत तर हे आणखी लख्ख दिसतं, कारण तिथे वाचून केल्यासारखं वाटण्याची सोयच नाही, कागद कोरा तो कोराच दिसतो. किमॉन निकोलाइडीस यांचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ' (१९४१) म्हणजे खरं तर वाचायचं पुस्तकच नाही, ते वेळापत्रक आहे, अमुक इतके तास हे काढा, तमुक तास ते काढा. त्यांचं असं म्हणणं की तुमच्या पहिल्या पाच हजार चुका जितक्या लवकर कराल तितक्या लवकर त्या सुधारता येतील. त्यातला पहिला व्यायाम बाह्यरेषेचा. वस्तूच्या कडेवर नजर ठेवायची, पेन्सिल कागदावर नाही तर त्या वस्तूलाच टेकलीये असं मनाशी पक्कं धरायचं, आणि नजर जितकी सरकेल तितकीच पेन्सिल सरकवायची. कागदाकडे बघायचं नाही. मी डावा हात समोर ठेवला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यापाशी कातडीची एक बारीकशी घडी आहे, मग एक खाच, मग पेराजवळ तीन सुरकुत्या, त्यातली मधली अर्धवटच आहे, हे मी इतकी वर्षं तो हात वापरून कधी बघितलं नव्हतं. वीस मिनिटांत करंगळीपर्यंतही पोचले नाही. कागदावर जे उमटलं ते हातापेक्षा आल्याच्या तुकड्यासारखं होतं, पण त्या तीन सुरकुत्या मात्र बरोब्बर तिथे होत्या, आणि मधली अर्धवट होती.

विन्सेंट व्हॅन गॉगने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा त्यानेही पुस्तकच धरलं होतं बरं का. शार्ल बार्ग नावाच्या माणसाने चित्रं गिरवायला म्हणून तयार केलेली पानं होती, ती त्याने काढली, परत काढली, आणि शेवटच्या वर्षात, १८९० मध्ये, एवढं सगळं रंगवून झाल्यावर ती पानं पुन्हा मागवून घेतली. त्याच्या हातात पुस्तक आणि कोळसा एकदमच असायचा, फरक तेवढाच.

मडक्यांची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेलच. मास्तरांनी वर्गाचे दोन भाग केले, अर्ध्यांना मार्क वजनावर, जितकी मडकी जास्त तितके मार्क, अर्ध्यांना एकच पण परिपूर्ण मडकं, आणि शेवटी उत्तम मडकी निघाली ती वजनवाल्यांचीच. ही 'आर्ट अँड फिअर' (१९९३) या पुस्तकातली. मला ती इतकी आवडली होती की मी चार जणांना तरी ऐकवली. नंतर कळलं की मूळ किस्सा मडक्यांचा नाहीच, फोटोंचा आहे, जेरी युल्समन हे फोटोग्राफर आपल्या नवशिक्या विद्यार्थ्यांना कसं कामाला लावायचे त्याचा, आणि पुस्तकाच्या दोघा लेखकांनी चर्चा करून मुद्दाम फोटोंची मडकी केली. आधी जरा फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, बरोबरच केलं की, वजन करायला मडकंच बरं. त्यांनी पण दुसरा खर्डा केला एवढंच.

आणि हे सगळं नवीन, परदेशी, मोटिव्हेशनल वगैरे आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा राजशेखराची 'काव्यमीमांसा' बघावी. हजारेक वर्षांपूर्वीचा ग्रंथ. मी अनुवादाच्या कुबड्या घेऊन वाचला, संस्कृत माझं शाळेतलं आहे आणि तेही मार्कांपुरतं. त्यात कवीने दिवस कसा घालवावा याचं चक्क टाइमटेबल आहे. पहिल्या प्रहरी अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी म्हणजे मंडळींत बसून चर्चा, आणि चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या लोकांत, सकाळी जे लिहिलं त्याची परीक्षा. का, तर रसाच्या भरात लिहिताना विवेकाची नजर नसते, म्हणून नंतर तपासावं. आणि तपासताना काय करायचं तेही दिलंय, जास्तीचं टाकायचं, कमी पडलं ते भरायचं, जागा चुकलेलं हलवायचं, विसरलेलं आठवून घालायचं. दार बंद, दार उघडं, दहा टक्के वजा, सगळं आलं की यात. बायकोचं ऐकायचं हेही आलं, अवंतिसुंदरीचं मत काय ते राजशेखर मधेमधे नाव घेऊन सांगतो.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली जागा मात्र स्टेशनरीची आहे. कवीच्या हाताशी कायम काय काय असावं, फळा आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रं, भूर्जपत्रं, लोखंडी कंटक, आणि लिहायला घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीसुद्धा! वाचताना मला माझं ड्रॉवर आठवलं, सात कोऱ्या वह्या, त्यातल्या दोन इतक्या सुंदर की त्यांत लिहायची हिंमत नाही. आणि एवढी यादी देऊन झाल्यावर तो म्हणतो, ही काव्याची सामग्री असं आचार्य म्हणतात, मी म्हणतो प्रतिभा हीच सामग्री. म्हणजे आधी खरेदीची पूर्ण यादी द्यायची आणि मग हळूच टपली मारायची.

टपल्या मारण्यात रामदासही कमी नाहीत. दासबोधात कवित्वाचे तीन प्रकार सांगितलेत, धीट, पाठ आणि प्रासादिक. धीट म्हणजे मनाला आलं ते बळेबळे रचलेलं. आणि पाठ म्हणजे पुष्कळ ग्रंथ बघून त्यासारखं आपणही उतरवलेलं. ते वाचून मी कपाटाकडे न बघता पान उलटलं.

तर गेल्या आठवड्यात मी ती फाईल उघडली. कपाटातलं काही काढलं नाही, आधी अडायचं ठरवलं होतं म्हणून अडूनच बसले. शेवटचं वाक्य असं होतं: "तिने थरथरत्या हाताने हळूच दार ढकललं आणि तिला जाणवलं की आठ वर्षांत जणू काहीच बदललं नव्हतं." जणू! आहेच तो. तो काढला. "तिला जाणवलं की" गेलं. काहीच न बदलण्याचं ते सगळंच गेलं, कारण ते मला वाटत होतं, तिला नाही. थरथरते हात गेले, ते हात मी इतक्या कथांत वाचलेत की ते कोणाचेही असू शकतात. उरलं "तिने हळूच दार ढकललं." हळूच ठेवावं की काढावं यावर पंधरा मिनिटं गेली. मग वाटलं, अरे पण ती ढकलेल का? आठ वर्षांनी आलेली बाई दार ढकलत नाही, ती उभी राहते. सात महिने राहिलीच की. मग कोण उघडणार? 'तिने' खोडलं, 'ढकललं' खोडलं, आणि लिहिलं, "दार उघडलं."

कोणी उघडलं ते मराठीत सांगावंच लागत नाही. आतून उघडलं, वाऱ्याने उघडलं, तिनेच उघडलं, दोन शब्दांत सगळंच बसतं. मला स्वतःलाही माहीत नव्हतं कोणी उघडलं ते, आणि ते बघायला मला पुढचं वाक्य लिहावं लागलं, आणि मग त्याच्या पुढचं. रात्री फाईलमध्ये ९४० शब्द होते. वाईट आहेत, पण आहेत.

ताईला मेसेज टाकला, "गेली एकदाची आत."

तिचा लगेच रिप्लाय, "कोण?"